आज गोळी घेतली का?

मुलाखतीची रंगीत तालीम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालली होती. एका बाजूला मामा, समोर भाची आणि मध्ये आईने निवडायला घेतलेली पालेभाजी. मामा एका मोठ्या कचेरीत नोकरभरतीच्या विभागात छत्तीस वर्षे काढून निवृत्त झाले होते. शेकडो उमेदवार त्यांच्या डोळ्यांदेखत आले नि गेले, त्यामुळे नोकरी कशी मिळते याबाबत घरात त्यांचा शब्द शेवटचा. स्वतः त्यांनी जन्मात एकच मुलाखत दिली होती, तीही ओळखीच्या साहेबापुढे. पण हा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही, असा घराचा रिवाज होता.

"समज, त्यांनी विचारलं, घाईगर्दीत काम जमेल का? काय सांगशील?"

"विचारेन, घाई म्हणजे किती? तासाला किती पेशंट?"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, जमेल म्हणायचं आणि गप्प बसायचं. प्रश्न विचारायचे ते त्यांनी. आपण फक्त हो म्हणायचं. नऊ ठिकाणी नकार खाऊन आलीस, तरी अक्कल येत नाही."

आईने भाजीची एक जून काडी बाजूला टाकली आणि भावाच्या बाजूने मान हलवली.

मुलीला घरात सगळे काऊ म्हणत. बोलायला लागल्यापासून दिवसभर 'का? का?' चालायचे, म्हणून हे नाव पडले ते पडलेच. दिवा मालवल्यावर उजेड कुठे जातो, आणि शेजारच्या काकू हसताना तोंडावर हात का धरतात, असे तिचे प्रश्न. दुसऱ्या प्रश्नापायी शेजाऱ्यांशी महिनाभर बोलणे बंद होते. मोठी होऊन ती नर्स झाली, पाच वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात राबली, पण खोड काही गेली नाही. ही गोळी आधी का आणि ती नंतर का? या बाईंना ताप संध्याकाळीच का चढतो? शेवटी एका वरिष्ठ डॉक्टरांनी वैतागून सांगितले की एवढी हौस असेल तर पुढचे शिक. त्यांनी ते टाळण्यासाठी म्हटले होते. काऊने मनावर घेतले. नोकरी सोडून दोन वर्षे अभ्यास केला आणि ती नर्स प्रॅक्टिशनर झाली.

हा शब्द आपल्यापैकी अनेकांना नवा असेल. ही नर्सच, पण आणखी शिकलेली. रोगी तपासायचा, त्याची हकीकत ऐकून घ्यायची, नेहमीच्या दुखण्यांचे निदान करायचे, ठरलेल्या मर्यादेत औषध सुचवायचे आणि अडले की डॉक्टरांना विचारायचे, हे तिचे काम. जिथे डॉक्टर एक आणि रोगी साठ, तिथे असे माणूस देवासारखे. पण देव देवळात दिसला की आपण हात जोडतो; दारात येऊन नोकरी मागू लागला तर अनुभवाचा दाखला विचारतो.

काऊलाही नऊ ठिकाणी तोच विचारला. वॉर्डातला पाच वर्षांचा अनुभव आहे, असे ती सांगे. तो नर्सचा, नर्स प्रॅक्टिशनर म्हणून किती, असे समोरचा विचारी. परीक्षा पास होऊन दोन महिने झालेत, हे ऐकले की तो फाइल बंद करी आणि आधी कुठेतरी अनुभव घेऊन या, असा सल्ला देई. कुठून घेऊ, असे काऊने एकदा विचारले. मनापासून विचारले, कारण तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. पण त्या साहेबांना तो टोमणा वाटला. एका ठिकाणी पद नर्स प्रॅक्टिशनरचे आणि काम फोन उचलायचे होते. दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थापक म्हणाले, "रोगी विचारतात, डॉक्टर कुठेत? मग आम्ही काय सांगायचं?" काऊने विचारले, "आत्ता काय सांगता?" तिथली मुलाखत चार मिनिटांत संपली.

आता दहावी जागा उरली होती. तिच्या जुन्या रुग्णालयाचे पत्र येऊन पडले होते: वॉर्डात नर्स म्हणून परत घेतो, पण तीन वर्षे सोडून जायचे नाही असा करार लिहून द्या, आणि तो सोमवारपर्यंत. वॉर्डाचे काम काही कमी प्रतीचे नव्हे, काऊला ते आवडायचेही. पण तीन वर्षे रोगी तपासले नाहीत तर दोन वर्षांत शिकलेले हातातून निसटून जाणार, हे तिला कळत होते. तिला भीती वाटत होती. म्हणून त्या दिवशी मामांचे सगळे तिने ऐकून घेतले आणि या वेळी तोंड उघडणार नाही असे कबूल केले.

हा दवाखाना चौकातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. बाहेर बसायची मोठी खोली, आत तीन लहान खोल्या, आणि शेवटच्या खोलीत डॉक्टर मॅडम. मॅडम कामसू, हुशार आणि कायम घाईत. त्यांच्या हाताला गुण आहे असे लोक म्हणत, आणि पहाटेपासून रांग लावत. मुलाखत वगैरे प्रकार त्यांना मान्य नव्हता. बोलण्यात काय ठेवलेय, अर्धा दिवस काम करून दाखवा, अशी त्यांची रीत. तीन उमेदवार होते, तीन दिवस नेमले होते. काऊचा शुक्रवार.

तिला दवाखाना दाखवला तो मोठ्या सिस्टरांनी. तीस वर्षे नोकरी झालेल्या, गुडघ्यांनी अधू, चष्मा गळ्यात लोंबत असलेल्या या बाई बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी बसत. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर एक पाटी होती. त्यांनी सांगितले ते असे: दर तीन महिन्यांनी येणारे जुने रोगी सकाळी आठला येतात, उपाशीपोटी रक्त देतात, मग नऊपासून एकेकाला आत घ्यायचे. वजन, रक्तदाब, तक्रारी, चालू औषधे हे सगळे फाइलमध्ये लिहायचे आणि पुढे काय करावे ते सुचवायचे. शेवटचा निर्णय मॅडमचा.

"वजनकाट्याला आधी हलकेच टिचकी मारायची," त्या म्हणाल्या. "नाहीतर सगळे दोन किलोनं जड होतात आणि भांडतात."

हा काटा असा का वागतो, हे काऊच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले.

पहिले चार रोगी सुरळीत पार पडले. फाइली जुन्या, जाडजूड. प्रत्येक पानावर रकाने आखलेले आणि जवळजवळ प्रत्येक रकान्यात एकच शब्द: वरीलप्रमाणे. आहार? वरीलप्रमाणे. झोप? वरीलप्रमाणे. औषधे नियमित घेतात का? वरीलप्रमाणे. वर पाहावे तर तिथेही वरीलप्रमाणे. असे पाने उलटत उलटत थेट पहिल्या भेटीपर्यंत गेले की कुठे 'होय' सापडे. ज्याने ते 'होय' लिहिले तो माणूस केव्हाच दुसरीकडे निघून गेलेला. आपल्या कचेऱ्यांतून फिरलेल्या कोणालाही हा शब्द परका नाही. वेळ वाचतो, अक्षर वाचते, आणि डोकेही वाचते. काऊनेही चार वेळा तो लिहिला. पहिल्यांदा हात जरा अडखळला, चौथ्या वेळी नाही.

पाचवे आले ते घड्याळवाले आजोबा. आयुष्यभर घड्याळे दुरुस्त केलेला हा माणूस, सत्तरी ओलांडलेली, सदऱ्याची सगळी बटणे लावलेली. काऊने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. वरचा एकशे बाहत्तर, खालचा अठ्ठ्याण्णव. पाच मिनिटे बसवून पुन्हा पाहिला; तेवढाच. तिने फाइल उघडली. पाच वर्षांत वीस भेटी, आणि प्रत्येक भेटीत दाब चढलेला. म्हणून पहिल्या वर्षी एक गोळी होती, तिथे दुसरी आली, मग तिची मात्रा वाढली, मग तिसरी आली. पुस्तकात पुढची पायरी स्पष्ट होती: चौथी गोळी. 'औषधे नियमित घेतात का' या रकान्यात तिने लिहिले, वरीलप्रमाणे.

तेवढ्यात आजोबा बाही खाली ओढू लागले आणि तिला त्यांच्या कोपरावरचे खरचटल्याचे खपलीदार चट्टे दिसले.

मामांचा आवाज तिच्या कानात होता. घड्याळात दहा वाजत आले होते, बाहेर सतरा माणसे बसली होती, आणि कोपराचा रकाना फाइलमध्ये नव्हता. पण काऊ शेवटी काऊच.

"आजोबा, हे कसं झालं?"

"पडलो. मोरीत."

"चक्कर येते का?"

आजोबांनी सांगितले की येते. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. वर्षभर चाललेय. वय झाले, असे घरचे म्हणतात, म्हणून इथे कधी बोललो नाही. मग ते एकदम खुलले आणि म्हणाले, "पण तुमच्या मॅडमच्या हाताला गुण आहे हं. औषध दूर राहिलं, नुसतं इथं यायचा दिवस असला तरी त्या दिवशी चक्कर येत नाही. एकदाही नाही."

काऊच्या हातातले पेन थांबले.

"फक्त इथं यायच्या दिवशी येत नाही? मग त्या दिवशी तुम्ही वेगळं काय करता?"

"वेगळं काय करणार? उपाशी येतो, बस्."

"आणि गोळ्या? आज गोळी घेतली का?"

आजोबा दुखावले. दुरुस्त केलेले घड्याळ गिऱ्हाइकाने कानाला लावून तपासावे तसे त्यांना वाटले असावे. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिन्ही गोळ्या घेतो, पाच वर्षांत एक दिवस चुकलेलो नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. मग जरा थांबून म्हणाले, "आज कशी घेणार? तुम्हीच तर पाटी लावलीय."

काऊ दाराशी गेली आणि बाहेरच्या खोलीतली पाटी तिने नीट वाचली. 'रक्ततपासणीच्या दिवशी सकाळी काहीही खाऊ, पिऊ अथवा घेऊ नये.' आजोबा शिस्तीचे. काहीही म्हणजे काहीही. दर तीन महिन्यांनी एकदा ते गोळ्यांशिवाय इथे येत, दाब चढलेला दिसे, गोळ्या वाढत. आणि उरलेले एकोणनव्वद दिवस ते वाढलेल्या तिन्ही गोळ्या मिनिटाच्या हिशेबाने घेत, दाब गरजेपेक्षा खाली उतरे, आणि म्हातारा माणूस मोरीत कोसळे. म्हणजे दवाखान्याने फक्त तेच दिवस पाहिले होते, ज्या दिवशी औषध नव्हते!

आणि आज ती स्वतः चौथी गोळी सुचवणार होती.

आजोबांना बसवून ती फाइल घेऊन बाहेर आली, पण मॅडमच्या दारापर्यंत गेलेले पाय तिथेच थबकले. या तिन्ही गोळ्या मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. ज्यांच्या हातात तिची नोकरी, त्यांनाच जाऊन सांगायचे की पाच वर्षे एक प्रश्न राहून गेला? तोही अर्ध्या दिवसाच्या पाहुणीने? फाइलमध्ये 'पुढील भेटीत पाहावे' एवढे लिहून टाकले तर कोणाचे काही बिघडले नसते. पण तीन महिन्यांत आजोबा कितीदा पडले असते, ते देव जाणे.

मोठ्या सिस्टरांनी तिला तशी उभी पाहिली आणि जवळ बोलावून काय झाले ते विचारले. काऊने हळू आवाजात सगळे सांगितले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान वळवून आपल्या डोक्यावरची पाटी वाचली.

"हे माझं अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं मी याच्याखाली बसते. मधुमेहाची गोळी कुणी उपाशीपोटी घेऊ नये म्हणून लिहिलं होतं. रक्तदाबाच्या गोळीचं डोक्यातच आलं नाही. आणि बारा वर्षांत मला कुणी विचारलंही नाही."

"मी मॅडमना सांगितलं तर ही नोकरी गेली, मोठ्या सिस्टर. सोमवारी मला तिकडे सही करावी लागेल."

"जाईलही. मी कशाला खोटं बोलू? मॅडम मनानं चांगल्या आहेत, पण चूक दाखवलेली कुणाला आवडते? आपल्याकडे लहानानं विचारलं तर तो आगाऊ, मोठ्यानं विचारलं तर त्याला येत नाही, आणि पेशंटनं विचारलं तर त्याचा विश्वास नाही. मग विचारायचं तरी कुणी? सगळे गप्प, आणि भोगतंय कोण, तर तो खुर्चीत बसलेला माणूस." त्यांनी चष्मा काढला. "तू गप्प राहून नोकरी मिळवशील. पण मग उद्यापासून रोज गप्पच राहावं लागेल. ते तुला जमेल का, एवढं बघ. मला जमलं. आज त्याची लाज वाटतेय."

काऊ आत गेली.

मॅडम एका हाताने लिहीत होत्या आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावत होत्या. तिने सांगायला सुरुवात केली तशी त्यांनी फोन खाली ठेवला, मग पेन. चेहरा कठोर होत गेला.

"पाच वर्षं मी या माणसाला बघतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती वेळ बघितलंत?"

"पंचवीस मिनिटं, मॅडम."

"पाच पेशंट झालेत तुमचे सकाळपासून. काल आलेल्या मुलीनं एवढ्या वेळात अकरा तपासले."

पाच म्हणजे पाचच. मॅडमनी फाइल ओढून घेतली, मागची पाने पाहिली, आणि रुक्षपणे ठरवले ते एवढेच: आज कुठलीही नवी गोळी द्यायची नाही. आजोबांनी उद्या सकाळी नेहमीप्रमाणे नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन, घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन नऊ वाजता यायचे. काऊचा अर्धा दिवस तिथेच संपला. तुम्हाला कळवू, असे त्यांनी तिला सांगितले. नऊ ठिकाणी ऐकलेले हे दोन शब्द कसे ऐकू येतात, हे काऊला आता पाठ होते.

घरी तिने जेवताना खरे ते सांगून टाकले. मामांनी ताटावरून हात उचलला. हातातोंडाशी आलेला घास स्वतः होऊन सांडणारी मुलगी त्यांनी छत्तीस वर्षांत पाहिली नव्हती, असे ते म्हणाले. आईने काऊच्या ताटात आणखी वाढले. सकाळी काऊ चपला घालताना दिसली तेव्हा मात्र मामा दारात आडवे आले.

"बोलावलंय का तुला?"

"नाही."

"उमेदवार बोलावल्याशिवाय जात नसतो. लोक हसतील."

"नोकरीसाठी नाही जात, मामा. आजोबांचा दाब किती भरतो ते मला बघायचंय. घरी बसून मला ते कळणार नाही."

मामा बाजूला झाले.

नऊ वाजता आजोबा सुनेबरोबर आले. काऊ बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. मॅडमनी तिला पाहिले, भुवया उंचावल्या, आणि बोटाने आत ये अशी खूण केली. पट्टा मात्र त्यांनी स्वतः बांधला. बसलेले असताना वरचा आकडा आला एकशे बारा. मग आजोबांना उभे केले, एका बाजूला सून आणि दुसऱ्या बाजूला काऊ. मिनिटभरात आजोबांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी काऊचे मनगट घट्ट धरले. आकडा उतरला होता ब्याण्णववर.

आजोबांना झटकन आडवे केले, पायाखाली उशी दिली, पाणी दिले. त्यांना हुशारी आल्यावर मॅडम स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. काऊ तिथे आहे, सून ऐकते आहे, याची त्यांनी पर्वा केली नाही.

"आजोबा, चूक माझी आहे. मी तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं, आज गोळी घेतली का म्हणून. वीस वेळा भेटलो आपण. मी विचारलं नाही."

आजोबा अवघडून गेले. "अहो, मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

मॅडमनी एक गोळी बंद केली, दुसरीची मात्रा कमी केली आणि आठ दिवसांनी पुन्हा यायला सांगितले, गोळ्या घेऊन. मग त्या उठल्या आणि सरळ बाहेरच्या खोलीत गेल्या. बावीस माणसे बसली होती. मॅडम स्वतः बाहेर आलेल्या कोणी फारसे पाहिले नव्हते, त्यामुळे कुजबुज आपोआप थांबली. त्यांनी विचारले, आज सकाळी रक्तदाबाची गोळी न घेता कोण कोण आले आहे?

एकही हात वर झाला नाही. डॉक्टरांनी असे विचारले की ओरडाच मिळणार, हा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी. तेव्हा आतून सुनेच्या आधाराने बाहेर आलेले आजोबा म्हणाले, "अहो, खरं सांगा. त्या रागवत नाहीत, उलट आपल्यालाच सॉरी म्हणतात."

मागच्या बाकावर एका बाईंनी हात वर केला. मग खिडकीशी बसलेल्या दोघांनी. एका बाईंनी शेजारच्या नवऱ्याचा हात धरून वर केला आणि तो खाली घेऊ लागला तर तसाच धरून ठेवला. हात वर होत राहिले. मोठ्या सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि मोजू लागल्या. तेरा! बावीसपैकी तेरा माणसे शिस्तीने, पाटीला मान देऊन, गोळी न घेता आली होती. आणि त्यांतल्या एकालाही, गेल्या बारा वर्षांत, कोणी एवढे साधे विचारले नव्हते. त्यांनीही कोणाला विचारले नव्हते. पाटी लावणारीला वाटले, लोकांना कळेल. लोकांना वाटले, डॉक्टरांना ठाऊक असेल. डॉक्टरांना वाटले, फाइलमध्ये लिहिलेले आहे. आणि फाइलमध्ये होते, वरीलप्रमाणे.

मोठ्या सिस्टरांनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. गुडघे दुखत असताना त्या खुर्चीवर चढल्या आणि पाटी उतरवली.

मॅडम आपल्या खोलीत गेल्या, आणि काऊला आत बोलावून दार लावून घेतले. टेबलावरच्या कागदांतून त्यांनी एक यादी बाहेर काढली.

"मी तुम्हाला काल काय म्हणाले? त्या मुलीनं अकरा तपासले, तुम्ही पाचच."

"हो मॅडम."

"त्या अकरांना परत बोलवायचंय. सोमवारपासून. त्यांना तुम्ही बघा." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "आणि एक ऐकून ठेवा. तुम्ही प्रश्न विचारलात की मी चिडणार आहे. वीस वर्षांची सवय आहे, एका दिवसात जाणार नाही. मी चिडले तरी विचारायचं."

काऊने कागद घेतला. अकरा नावे होती. तिला रडू येत होते, आणि त्याच वेळी यादीतल्या तिसऱ्या नावापुढे वय लिहिलेले नाही, हेही तिला दिसत होते. ते का नाही, असे तिने तिथल्या तिथे विचारले. मॅडम चिडल्या. मग त्यांनी वय शोधून सांगितले.

जुन्या रुग्णालयाचा करार सहीविना परत गेला.

मंडळी, ही एका मुलीच्या नोकरीची गोष्ट असली, तरी तो दवाखाना आपण सगळ्यांनी मिळून चालवलेला आहे. नवीन माणूस आला की आपण त्याला सगळ्यात आधी गप्प बसायला शिकवतो आणि त्यालाच अनुभव म्हणतो. विचारणाऱ्याला आपण उद्धट ठरवतो, आणि न विचारता मान डोलावणाऱ्याला गुणी. पण जुन्या माणसांच्या डोळ्यांना सवयीने जे दिसेनासे होते, ते नव्याच्या डोळ्यांना पहिल्या दिवशी दिसते, आणि तो जुना होईपर्यंतच दिसते. तेव्हा तुमच्या हाताखाली कोणी नवे आले आणि त्याने असे का म्हणून विचारले, तर कपाळाला आठी घालू नका, उत्तर द्या. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही असे सांगा. आणि तुम्ही रोगी असाल तर डॉक्टरांना सगळे ठाऊक असेलच, असे धरून चालू नका. उद्या सकाळी तपासणीला निघण्याआधी, कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे आजच विचारून घ्या.